सात नंबरचा टाळ

"द्या," कापायच्या यंत्रावरचे बोमेसाहेब म्हणाले आणि त्यांनी पंजा पुढे केला.

त्या रुंद, तेलकट पंजावर मी टाळ ठेवला. त्यांनी तो दिव्याखाली धरला, उलटासुलटा केला.

"सात नंबर?"

"सात नंबर."

"परवा पाहिला तेव्हा काळपट होता."

"मी घासला. चिंचेनं."

"कशानं?"

चिंच म्हणजे काय, ते समजावण्यात दोन मिनिटं गेली. त्यांचं इंग्रजी मोडकं, माझं जर्मन त्याहून मोडकं. आंबट फळ असतं, आमच्याकडे देवाची भांडी त्यानं घासतात, तांबं-पितळ-कासं सगळं लख्ख निघतं, असं मी हात चोळून दाखवलं. बोमेसाहेब खो खो हसले. "बरंय, इथे मिळत नाही ते. नाहीतर बायकोनं मला दर रविवारी घासायलाच बसवलं असतं." मग त्यांनी अंगठा मधल्या भोकावरून फिरवला, जिथून टाळाची दोरी जाते. "आणि भोकाच्या कडा? त्याही चिंचेनंच धारदार झाल्या?"

"झिजून वाकड्यातिकड्या झाल्या होत्या, म्हणून जरा कानस मारली."

"नमुन्याला कानस लावायची नसते, पद्मजा."

"चुकलं."

त्या दिवशी मी उच्चारलेला तेवढाच एक खरा शब्द. बोमेसाहेबांनी टाळ पकडीत आवळला, पाण्याची धार सोडली, पातळ चाक फिरू लागलं. चार मिनिटांत टाळाचे दोन तुकडे झाले.

तो सात नंबरचा टाळ नव्हताच.

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते आणि धातुशास्त्रात पीएच.डी. करत होते. विषय होता काशाच्या टाळांचा नाद. एक टाळ कितीतरी वेळ घुमत राहतो आणि दुसरा ठण् करून गप्प बसतो, असं का? माझ्या मार्गदर्शकांनी, ऐनापुरेसरांनी, खटपट करून मला जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेत दहा महिन्यांची शिष्यवृत्ती मिळवून दिली होती. दहा गावांतून मी टाळांच्या दहा जोड्या जमवून नेल्या होत्या. काम सरळ होतं. आधी टाळ दोऱ्याला टांगायचा, लाकडी गोळीनं ठोकायचा आणि नाद विरेपर्यंतचे सेकंद नोंदवायचे. मग जोडीतला एक टाळ कापायचा, कापलेली बाजू आरशासारखी घासायची, तिला आम्ल लावायचं आणि मायक्रोस्कोपखाली धातूचा पोत पाहायचा. कुठल्या पोताला कुठला नाद, हे त्यातून कळणार होतं. न कापता आतलं दिसत नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

सात नंबरची जोडी गोपाळबुवांची होती. गोपाळबुवा येवतीकर, आमच्या कऱ्हाड भागातले कीर्तनकार. मी सहा वर्षांची असल्यापासून त्यांच्या कीर्तनात पहिल्या ओळीत बसत आलेय. कथा रंगात आली, बुवांनी उपरण्याचा शेव खांद्यावर टाकला आणि मागून टाळकऱ्यांनी चाल उचलली की आजही माझ्या अंगावर काटा येतो. देव आहे की नाही असा प्रश्न मला कधी पडलाच नाही, त्याचं कारण ते तास-दोन तास आहेत. त्या टाळांमध्ये एक जोडी वेगळी होती. बुवांच्या गुरूंनी ती बुवांना दिलेली. शंभरेक वर्षांची तरी असेल. बाकीचे टाळ थांबले तरी तिचा सूर मंडपात फिरत राहायचा.

ती मागायला मी त्यांच्या ओसरीवर गेले होते.

"तपासायला नेते, बुवा."

"तपासायला? टाळाची डॉक्टरीण झालीस व्हय?"

"तसंच समजा. दहा महिन्यांत परत आणून देते."

"आण मग," म्हणत त्यांनी जोडी स्वतःच्या उपरण्यात गुंडाळून दिली.

'कापणार' हा शब्द मी बोलले नाही. आणि जर्मनीला पाठवलेल्या तक्त्यात मात्र दहाही नमुन्यांपुढे 'कापण्यास मालकाची संमती आहे' या चौकटीत खूण केली. दोन माणसांना दोन शब्द दिले. दोन्ही एकदम पाळता येणार नाहीत, हे कळायला तो पंजा पुढे यावा लागला.

म्हणून मी आठ नंबरच्या जोडीतला दुसरा टाळ सात नंबर म्हणून दिला. आठ नंबरची जोडी बाजारातली, नवी, जवळपास त्याच मापाची. नाद सात नंबरच्या खऱ्या टाळाचा आधीच नोंदवून झाला होता: अकरा सेकंद. पोत फक्त दुसऱ्याचा लागणार होता.

मनाची समजूत घालायला मला फार वेळ लागला नाही. आमच्या घरच्या पूजेत भटजी म्हणतात ना, वस्त्र नसेल तर वस्त्राच्या जागी अक्षता वाहा, दागिना नसेल तर दागिन्याच्या जागी अक्षता. देव तेवढ्यावर प्रसन्न होतो. मग टाळाच्या जागी टाळ दिला तर काय बिघडलं? खरी जोडी मी वसतिगृहाच्या खोलीत देवाच्या तसबिरीपुढे ठेवली होती. रोज सकाळी आंघोळ झाली की तिला हात जोडायचे आणि प्रयोगशाळेत जायचे.

पंधरा दिवसांनी वेगेनरबाईंनी बोलावलं. बाई प्रयोगशाळेच्या प्रमुख. साठीच्या, उंच, केस पुरुषासारखे कापलेले. फारसं हसत नसत. त्या दिवशी मात्र मी दारात दिसताच त्या खुर्चीतून उठल्या.

"ये, ये. हे बघ. सात आणि आठ."

पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी होती. धातूचे जाडेभरडे दाणे, मध्ये मध्ये काळी छिद्रं.

"काय दिसतं?"

"सारखेच आहेत," मी म्हणाले.

"सारखे? सख्खे भाऊ आहेत! आणि एक अकरा सेकंद वाजतो, दुसरा चार." बाईंनी टेबलावर हात आपटला. "बारीक, घट्ट पोत असेल तरच नाद लांबतो, असं मी वीस वर्षं शिकवतेय. तुझा हा म्हातारा टाळ म्हणतो, मूर्ख आहेस."

"कदाचित मोजण्यात काही..."

"सगळ्या नोंदी मी स्वतः पुन्हा तपासल्या. तीनदा." त्यांनी खणातून स्वतःच्या व्याख्यानाचे कागद काढले. समासात लाल शाईनं खुणा केलेल्या होत्या. "या वयात कोणी आपली चूक दाखवत नाही, पद्मजा. सगळे मान डोलावतात. मला काल रात्री आनंदानं झोप लागली नाही. तीन आठवड्यांनी व्हिएन्नाला परिषद आहे. हे तू मांडायचं. मी शेजारी बसून मान खाली घालीन."

"मॅडम, इतकी घाई..."

"घाबरू नकोस. टाळ तुझ्या बाजूनं आहे."

मी हो म्हणाले. हा दिलेला तिसरा शब्द.

त्या सोमवारी वेगेनरबाईंचा तास होता. मी मागच्या बाकावर बसले. चाळीसेक मुलं होती. बाईंनी फळ्यावर दोन आकडे लिहिले, अकरा आणि चार, आणि शांतपणे म्हणाल्या, "गेल्या महिन्यात मी तुम्हाला जे शिकवलं, ते बहुधा चूक आहे. वहीत खोडू नका. त्यावर एक रेघ मारा, म्हणजे मी काय चुकले ते दिसत राहील." चाळीस पेनांनी रेघा मारल्याचा आवाज मी ऐकला.

तास संपल्यावर मी जेवायला गेले नाही. समोरच्या आवारात जाऊन फोनचं कार्ड खरवडलं आणि बुवांच्या घरी फोन लावला. तिकडे दुपार टळत असेल. सूनबाईंनी उचलला, "मामंजी, पद्मजाचा फोन, परदेशातनं!" अशी हाक ऐकू आली.

"रामकृष्णहरी," बुवांचा आवाज आला. "पदू? काय खाती गं तिथं?"

"बुवा, टाळाबद्दल बोलायचं होतं."

"फुटला?"

"नाही. पण मी तुम्हाला पूर्ण सांगितलं नव्हतं. तपासायचा म्हणजे कापायचा होता."

 मग मी सगळं सांगितलं. सांगताना रडू आलं. अक्षतांचंही सांगितलं, आपली बाजू तेवढीच होती म्हणून.

"अगं येडे," बुवा म्हणाले, "भटजी मोठ्यानं सांगतो ना, 'वस्त्राच्या जागी अक्षता' म्हणून? साऱ्या घरासमोर सांगतो, देवासमोर सांगतो. मुठीत अक्षता धरून 'हे वस्त्र' म्हणत न्हाई तो. तू त्या बाईला सांगितलंस का?"

"नाही."

"मग ती पूजा न्हवं."

मी डोळे पुसले. "सांगते, बुवा. आजच सांगते. पण मग... आता खरा टाळ कापू का? एकच. दुसरा तसाच राहील."

"न्हाई."

"बुवा, माझं सगळं काम त्याच्यावर..."

"न्हाई म्हनलं न्हवं? देवाची चीज हाय ती. तुकडं करून आणणार असशील, तर या घराची पायरी चढू नको." आणि फोन ठेवला गेला.

माझ्या हातात कापायला टाळ नव्हता आणि लपवायला जागा नव्हती. मी तशीच जिना चढून वर गेले. बाईंच्या खोलीत बोमेसाहेब यंत्राच्या दुरुस्तीचं काहीतरी सांगत उभे होते. त्यांनी जावं म्हणून मी थांबले असते, तर परत खाली उतरले असते. म्हणून त्यांच्यादेखतच बोलले.

"सात आणि आठ सख्खे भाऊ दिसतात, कारण ते सख्खे भाऊच आहेत. मी दुसरा टाळ कापायला दिला."

बाईंना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी चष्मा काढला.

"का?"

मी सांगितलं. बुवा, कीर्तन, उपरणं, फोन. सांगताना माझ्याच कानांना ते फार लहान वाटत होतं.

"तुला माहीत होतं?" बाईंनी बोमेसाहेबांना विचारलं.

"संशय होता," ते म्हणाले. "कानशीची एकही खूण नव्हती. मी भिंगातून पाहिलं."

"आणि बोलला नाहीस?"

"नमुना तिचा आहे. मला वाटलं, ती बोलेल." ते खांदे उडवत म्हणाले. "जरा उशीर केला."

बाई खिडकीशी गेल्या.  ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"चुकल्याचा मला आनंद झाला होता," त्या तिथूनच म्हणाल्या. "तो आनंद खरा होता. कशावर झाला होता, तेवढं खोटं होतं. हे तुझ्या लक्षात येतंय का?"

"हो."

"परवा पुन्हा तास आहे. मी त्याच मुलांपुढे उभी राहणार, आणि तू माझ्या शेजारी. व्हिएन्नाला कोणी जाणार नाही. उरलेल्या नऊच्या नऊ नमुन्यांच्या पोताचं काम तू पहिल्यापासून करायचं. प्रत्येक तुकड्यावर बोमेची सही."

"आणि सात नंबर?"

"त्याचा नाद लिहायचा. पोताची जागा मोकळी. खाली कारण लिहायचं: मालकाची संमती नाही." त्यांनी चष्मा परत घातला. "ओळ काढून टाकायची नाही. मोकळी ओळ पाहू दे लोकांना."

उरलेल्या चार महिन्यांत मी तेच केलं. नऊ नमुन्यांनी बाईंचं म्हणणं बरोबर ठरवलं. त्यांनी मला ते कळवलं, तेव्हा त्या खूश दिसल्या नाहीत.

परत आल्यावर टाळाची जोडी घेऊन मी येवतीला गेले. बुवांनी उपरणं सोडलं, दोन्ही टाळ हातात घेतले, कडेनं बोट फिरवलं. वाजवून पाहिले नाहीत. "चहा घे," एवढंच म्हणाले आणि आत गेले. एरवी मी पाया पडले की डोक्यावर हात ठेवायचे. त्या दिवशी ठेवला नाही.

ऐनापुरेसरांनी प्रबंधाचा मसुदा वाचला आणि सातव्या ओळीवर पेन्सिल टेकवली. "ही मोकळी राहू दे. पण तिकडं जे रामायण झालं, ते कुठं लिहू नका हां."

"सर, वेगेनरमॅडमना..."

"त्यांना सांगितलंत ना? मिटलं. सगळे आकडे नवे आहेत, सह्या आहेत. खोटं कुठं काय राहिलंय? परीक्षकाच्या हातात आपणच कशाला काठी द्यायची, बाई?"

सरांनी माझ्यासाठी खूप केलं होतं. त्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं. मी लिहिलं नाही.

मौखिक परीक्षा दीड वर्षानं झाली. ती खुली असते, कोणीही येऊन बसू शकतं. मी बुवांना कळवलं होतं ते रिवाज म्हणून. ते येतील असं वाटलं नव्हतं. पण अकरा वाजता दार लोटून पांढरा फेटा आत आला आणि शेवटच्या रांगेत, माझ्या बरोबरच्या मुलांच्या शेजारी, काठी गुडघ्यांत धरून बसला. मला बोलताना त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. मीच आयुष्यभर त्यांना ऐकत आले होते.

बाहेरचे परीक्षक डॉ. गुर्जर. कमी बोलणारे, प्रत्येक पान बोटानं वाचणारे. चाळीस मिनिटं त्यांनी बारीक प्रश्न विचारले. मग बोट तक्त्यावर थांबलं.

"सात मोकळा का?"

"कापायला मालकाची संमती मिळाली नाही, सर."

"वाईट झालं. सगळ्यात सुंदर नाद त्याचाच आहे." त्यांनी पान उलटलं.

ऐनापुरेसरांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. ते उठले आणि नेहमीचं वाक्य म्हणाले, "उपस्थितांपैकी कुणाला काही विचारायचं असल्यास..." कोणी कधी विचारत नाही. बाहेर समोसे आणि चहा येऊन थांबलेला असतो.

शेवटच्या रांगेतून काठीचा आवाज आला. बुवा उभे राहिले होते.

"इचारायचं न्हाई. सांगायचं हाय."

"आपण?" गुर्जरसरांनी विचारलं.

"सात नंबर."

पोरं फिसकन हसली. बुवाही हसले, कीर्तनात हसवून झाल्यावर हसायचे तसे. मग उपरण्याचा शेव त्यांनी खांद्यावर टाकला.

"ती मोकळी जागा माझी हाय. हिनं लिवलंय, मालकाची संमती न्हाई. ते बरुबर न्हाई. मी कसला मालक? माझ्या गुरूंनी टाळ दिला तो वाजवायला दिला, मालकी करायला न्हाई दिला. ही पोरगी परमुलखातनं फोनवर रडत खरं सांगत हुती, आणि मी देवाचं नाव पुढं करून तिला न्हाई म्हनलो. देवाचा त्यात काय संबंध न्हवता. त्याचं तुकडं बघायची माझी छाती झाली न्हाई. रोज लोकांना सांगतो, देह नाशिवंत हाय, वस्तू नाशिवंत हाय. आणि एका टाळापायी म्हातारा भ्याला. तिथं तसं लिवा."

ते खाली बसले. 

"असं तक्त्यात लिहिता येत नाही, बुवा," गुर्जरसर आदरानं म्हणाले. "पण मला समजलं." आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "फोनवर काय खरं सांगत होतात तुम्ही?"

ऐनापुरेसर माझ्याकडेच बघत होते. त्यांनी मान अगदी थोडी, नाही म्हणून हलवली. 'परवानगी मागत होते, सर,' एवढं म्हटलं असतं तरी खपलं असतं. ते खरंही होतं. त्या एका वाक्यापलीकडे माझी पदवी होती, सरांनी माझ्यासाठी घातलेली पाच वर्षं होती, कॉलेजातली ठरत आलेली नोकरी होती.

बुवांच्या टाळाला हात जोडून रोज सकाळी मी ज्याला भक्ती म्हणत होते, ते काय होतं, हे मला त्या शेवटच्या रांगेतल्या माणसानं नुकतंच सांगितलं होतं. मला एका शब्दानंही दोष न देता.

"सर, सात नंबर म्हणून मी आधी दुसराच टाळ कापला होता," मी म्हणाले. "तो निकाल मी बाईंना दिला. त्यांनी तो वर्गात शिकवला. प्रबंधात हे नाही."

ऐनापुरेसरांनी डोळे मिटले. गुर्जरसरांनी पेनाचं टोपण काढलं. मला पुढचा शब्द सुचेना. 

"हां," मागून आवाज आला. "पुढं?"

मी पुढं सांगितलं. चिंचेपासून सगळं.

त्या दिवशी निकाल जाहीर झाला नाही. समितीनं दार लावून घेतलं. समोसे गार झाले. पाऊण तासानं मला आत बोलावून सांगण्यात आलं की सगळे मूळ तुकडे आणि सह्या परत तपासल्या जातील, झाल्या प्रकाराचं एक पान प्रबंधाला जोडावं लागेल, आणि मग बघू. ऐनापुरेसर माझ्याशी न बोलता गाडीकडे गेले.

बुवा व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. मी जवळ जाऊन वाकले.

"पास झालीस का?"

"नाही, बुवा. आज नाही."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. 

"मीबी न्हाई," ते म्हणाले.